पहिला कॅमेरा घेताना

१. आधी फोटो ठरवा, मग कॅमेरा. मला आमच्या सिंधुदुर्गातल्या जत्रांची दशावतारी नाटकं टिपायची होती, आणि दुकानात मी विचारत बसलो मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलची बॉडी घेतली, सोबत १८-५५ची किट लेन्स आली. पहिल्याच जत्रेत संकासुर नाचत आला आणि फोटोत नुसता काळा फराटा उमटला. ही लेन्स ५५ला एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही, आणि रंगमंचावर उजेड चार बल्बांचा. वर्षभर पैसे साठवून ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतली. तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड येतो. जिथे शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागे, तिथे १/१२५ जमू लागलं. पखवाजावरची बोटं मला फोटोत पहिल्यांदा दिसली ती तेव्हा.

२. मेगापिक्सेलचा ध्यास सोडा. १२ बाय १८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला २० पुरतात.

३. सगळे पैसे बॉडीत घालू नका. बॉडी जुनी होते, तिची किंमत झपाट्याने उतरते. नीट सांभाळलेली लेन्स पुढच्या बॉडीलाही चालते. कार्ड आणि जादा बॅटरीचाही खर्च धरा.

४. हातात धरल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात मी एक दुपार नुसते कॅमेरे धरून पाहण्यात घालवली. करंगळी लोंबकळते का? चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का? रात्रभर नाटक टिपणाऱ्याला हे प्रश्न सगळ्यात मोठे.

५. सेकंडहँड जरूर घ्या, पण तपासून. शटर काउंट विचारा. सुरुवातीच्या वर्गातल्या अनेक बॉडींचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून पाहा. मी पाहिला नव्हता. घरी आल्यावर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले: बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात ती वाढतच गेली. आता माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. आत छोटा आर्द्रतामापक ठेवलाय. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहील असं बघतो.

६. ओळखीत कुणाकडे कुठला माउंट आहे ते विचारा आणि तोच घ्या, म्हणजे लेन्स उसन्या मिळतात. माझी ३५ची सध्या शेजारच्या मुलीकडे आहे. तिला घरच्या गणपतीची रात्रीची आरती टिपायची आहे, फ्लॅशशिवाय.