पडला, पण थांबला नाही

(माणसाची खरी परीक्षा यशाच्या क्षणी होत नाही, ती संकटाच्या क्षणी होते. भूकंपाने हादरलेल्या आपल्या नगराची आठवण मनात बाळगून एका जपानी तरुणाने परदेशातील स्पर्धेत जे धैर्य दाखविले आणि ते पाहून प्रेक्षकांनी त्याचा जो गौरव केला, त्याची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

आपल्याकडील बहुतेक मुलांना बर्फ ठाऊक असतो तो सरबतात घालण्यापुरता. परंतु जगात असे कितीतरी देश आहेत, की जेथे हिवाळ्यात तळी गोठून त्यांची कठीण, गुळगुळीत अंगणे बनतात. बुटांना पोलादी पाती बसवून या अंगणांवरून घसरत जाण्याची कला तेथील लोकांनी फार पूर्वी साध्य केली. याच कलेला पुढे खेळाचे शास्त्रशुद्ध रूप आले. त्या खेळाला ‘फिगर स्केटिंग’ असे म्हणतात. १९०८ साली लंडन येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचा प्रथम समावेश झाला आणि १९२४ पासून तो हिवाळी ऑलिंपिकचे एक भूषण होऊन राहिला आहे. आता तो कृत्रिम रीतीने गोठविलेल्या बंदिस्त रंगणांतही खेळला जातो.

हा खेळ पाहताना वाटते, की खेळाडू संगीताच्या लाटांवर सहज तरंगत आहे. पण ही सहजता किती महाग असते! बुटाखालच्या पात्याची रुंदी अवघी काही मिलिमीटर असते. त्याला दोन धारा असतात. कोणत्या क्षणी कोणत्या धारेवर भार द्यावयाचा, यावर सारे काही अवलंबून असते. उडी घेताना खेळाडू दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून घेतो. त्यामुळे त्याच्या शरीराचा फिरण्याचा वेग एकदम वाढतो. एक सेकंदही पुरा होत नाही, एवढ्यात हवेत तीन किंवा चार गिरक्या घेऊन त्याला एकाच पायावर, पाठीमागच्या दिशेने सरकत, उतरावे लागते. उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. ‘ॲक्सेल’ नावाची उडी तर सर्वांत अवघड. कारण ती समोर तोंड करून घ्यावयाची असते आणि तिच्यात अर्धी गिरकी अधिक लागते.

शिवाय, या खेळात झालेली चूक पुसता येत नाही. गवयाची एखादी तान चुकली, तर तो ती पुन्हा घेऊ शकतो. चित्रकार रेघ खोडू शकतो. बर्फावर तसे नाही. संगीत कोणासाठी थांबत नाही. पडलेल्या खेळाडूने उठून ते गाठावयाचे असते, आणि तेही हजारो डोळे आपल्यावर खिळलेले असताना!

युझुरू हान्यू याचा जन्म ७ डिसेंबर १९९४ रोजी जपानच्या ईशान्य भागातील सेंदाई या नगरात झाला. मोठ्या बहिणीच्या मागोमाग तो चौथ्या वर्षीच बर्फावर उतरला. लहानपणापासून त्याला दम्याचा विकार होता. ज्याला श्वासाचाच भरवसा नाही, त्याने दमछाक करणारा खेळ निवडावा, हे नवलच म्हणावयाचे. दुसरी अडचण नशिबाने आणली. तो ज्या रंगणात शिकत होता, ते पैशाअभावी २००४ साली बंद पडले. पुढे, लहानपणी सेंदाईतच शिकलेली शिझुका आराकावा हिने २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. तिने आपल्या नगरातील रंगणासाठी आवाज उठविला आणि २००७ साली ते पुन्हा सुरू झाले. एकाने मिळविलेले यश दुसऱ्याची वाट कशी मोकळी करते, याचे हे सुंदर उदाहरण होय. २०१० साली, पंधराव्या वर्षी, युझुरू कुमारांच्या गटात जगज्जेता ठरला.

आता पुढची वाट सरळ आहे, असे सर्वांना वाटू लागले. पण तसे घडावयाचे नव्हते.

११ मार्च २०११ चा तो दिवस. दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे झाली होती. युझुरू रंगणात सराव करीत होता. अकस्मात जमीन हादरू लागली. ‘पायाखालची जमीन सरकणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्या मुलाने त्याचा अक्षरशः अनुभव घेतला. बूट काढण्यासही अवसर नव्हता. पायांत पाती असतानाच तो बाहेर धावला. त्या भूकंपाची तीव्रता ९ इतकी होती. पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा किनाऱ्यावरील गावांत घुसल्या. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. युझुरूच्या कुटुंबाला काही दिवस निर्वासितांच्या निवाऱ्यात काढावे लागले. रंगणाची हानी झाली व ते काही महिने बंद राहिले.

ज्या नगरात माणसे पाणी आणि निवारा शोधीत आहेत, तेथील मुलाने बर्फावर नाचत राहावे काय? खेळ सोडून द्यावा, असा विचार त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात आला. पण त्याने तो विचार दूर सारला. एप्रिल महिन्यात कोबे येथे भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने भाग घेतला. कोबे हे नगरही १९९५ साली भूकंपाने उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभे राहिले होते. दुःख सोसलेल्या नगरानेच दुःखी नगराला हात दिला. पुढे कित्येक महिने युझुरू गावोगावच्या कार्यक्रमांत आपली कला दाखवीत हिंडला. अशा सुमारे साठ कार्यक्रमांत त्याने भाग घेतला. यामागे केवळ प्रदर्शनाचा हेतू नव्हता. कार्यक्रमाच्या निमित्ताने तेथील बर्फ सरावासाठी मिळे. घरचे रंगण गेले, म्हणून त्याने परक्या रंगणांना शाळा केले.

वर्ष उलटले. २०१२ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील नीस या शहरात जागतिक अजिंक्यपदाचे सामने भरले. प्रौढांच्या या स्पर्धेत उतरण्याची युझुरूची ही पहिलीच वेळ. वय सतरा वर्षांचे. त्यातच सरावाच्या वेळी त्याचा घोटा मुरगळला. पहिल्या, लहान कार्यक्रमात त्याला ७७.०७ गुण मिळाले व तो सातवा आला. अग्रभागी असलेल्या कॅनडाच्या पॅट्रिक चॅनपेक्षा तो बारा गुणांहून अधिक मागे होता. पदकाची आशा धरावी, अशी ही स्थिती खचितच नव्हती.

३१ मार्च रोजी मुख्य कार्यक्रम झाला. तो सुमारे साडेचार मिनिटांचा असे. युझुरूने रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या कथेवरील संगीत निवडले होते. आरंभीच त्याने चार गिरक्यांची उडी घेतली आणि तो अचूक उतरला. त्यानंतर ॲक्सेलही साधली. प्रेक्षक सावरून बसले. हा कोवळा पोर काही विशेष करीत आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. कार्यक्रम अर्ध्याच्या पुढे गेला. दम लागू लागला होता. आणि एकाएकी, कोणतीही उडी नसताना, साध्या पदन्यासात त्याचे पाते अडखळले आणि तो बर्फावर आडवा झाला!

सभागृहातील सर्वांच्या काळजाचा ठोका चुकला. अवघड शिखर चढून जाणाऱ्याने सपाट वाटेवर ठेच खावी, तसे ते झाले. अशा वेळी मनाची जी अवस्था होते, तीच खरी घातक असते. मन त्या चुकीपाशीच घुटमळते आणि पुढची चूक तेथेच जन्म घेते. युझुरूच्या पुढ्यात तर लगेच आणखी एक ॲक्सेल आणि तिला जोडून तीन गिरक्यांची दुसरी उडी, असा कठीण भाग होता. विचार करण्यास वेळच नव्हता. तो उठला, त्याने वेग घेतला आणि त्या दोन्ही उड्या एकापाठोपाठ एक अशा त्याने साधल्या!

मग सभागृहात जे घडले, ते मोठे हृद्य होते. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला तो थांबेना. तो दमला होता, पण अखेरच्या पदन्यासाच्या आधी त्याने आवेशाने आरोळी ठोकली आणि उरलीसुरली शक्ती एकवटून कार्यक्रम तडीस नेला. संगीत थांबताच लोक उठून उभे राहिले. त्याच्या डोळ्यांत अश्रू होते. पाहणाऱ्यांतील अनेकांच्याही होते.

त्याला १७३.९९ गुण मिळाले. त्या दिवसाच्या कार्यक्रमात केवळ चॅन त्याच्या पुढे होता. एकूण २५१.०६ गुणांनिशी युझुरू कांस्यपदकाचा मानकरी ठरला. सुवर्णपदक चॅनला आणि रौप्यपदक जपानच्याच दाइसुके ताकाहाशीला मिळाले. सातव्या क्रमांकावरून तिसऱ्या क्रमांकावर झालेली ही झेप होती.

प्रेक्षकांना नेमके काय आवडले, याचा आपण विचार केला पाहिजे. एका भूकंपग्रस्त मुलाची त्यांना केवळ कीव आली काय? तसे म्हणता येणार नाही. कीव आली असती, तर लोक हळहळले असते. ते उभे राहून गर्जले नसते. शिवाय परीक्षकांच्या तराजूत दयेचे वजन पडत नाही. पडल्याबद्दल त्याचा एक गुण कापला गेलाच. लोकांनी गौरव केला तो त्या दोन क्षणांमधील अंतराचा: पडण्याचा एक क्षण आणि पुन्हा झेप घेण्याचा दुसरा क्षण. निर्दोष कला पाहून आपण थक्क होतो. पण पडून उठलेला माणूस पाहिला, म्हणजे आपल्यालाही उठावेसे वाटते.

हे ऋण एकाच बाजूचे नव्हते. आपण आपल्या आपद्ग्रस्त बांधवांना धीर देण्यासाठी खेळतो, असे युझुरूला आधी वाटत असे. परंतु त्या काळात त्याला असंख्य पत्रे व संदेश आले. तेव्हा त्याच्या ध्यानी आले, की आपण ज्यांना आधार देऊ पाहत होतो, तेच आपल्याला आधार देत आहेत. ही जाणीव नम्रतेची आहे. आपल्या आत्मचरित्राचे मानधन त्याने सेंदाईच्या रंगणाला अर्पण केले, यावरून ती जाणीव केवळ शब्दांची नव्हती हे दिसते.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. युझुरूने पुढे २०१४ साली सोची येथे आणि २०१८ साली प्याँगचांग येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक पटकाविले. पुरुषांच्या गटात लागोपाठ दोनदा हा मान मिळविण्याचा पराक्रम त्यापूर्वी अमेरिकेच्या डिक बटन याने १९४८ व १९५२ साली केला होता. मध्ये सहासष्ट वर्षे लोटली होती. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. त्याच्या चाहत्यांची एक रीत जगप्रसिद्ध आहे. त्याला अस्वलाचे एक खेळणे प्रिय, म्हणून कार्यक्रम संपताच ते बर्फावर तशाच अस्वलांचा वर्षाव करीत. ती खेळणी स्थानिक मुलांच्या संस्थांना देण्यात येत. एकावरचे प्रेम अशा रीतीने अनेक अनोळखी बालकांच्या हाती पोहोचे.

तथापि, प्रेमाला विवेकाची जोड हवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघाय येथे सरावाच्या वेळी युझुरूची दुसऱ्या एका खेळाडूशी जोराची टक्कर झाली. डोक्याला पट्टी बांधून तो रंगणात उतरला, पाच वेळा पडला, तरी दुसरा आला. अनेकांनी त्याच्या जिद्दीची वाखाणणी केली. पण जखमी खेळाडूला असे खेळू द्यावे काय, असा प्रश्नही जाणत्यांनी विचारला. तो प्रश्न योग्यच होता. पायाची चूक विसरून उठणे हे धैर्य होय. परंतु शरीराची दुखापत विसरणे हे नेहमीच धैर्य नसते. खरा चाहता खेळाडूकडून पराक्रमाची अपेक्षा करतो, पण त्याच्या जिवाचे मोल देऊन ती पुरी व्हावी, असे त्याला वाटत नाही.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी फारच थोडे कधी बर्फावर पाऊल टाकतील. परंतु परीक्षेच्या दालनात पहिलेच उत्तर चुकल्याचे ध्यानी येते, वक्तृत्वस्पर्धेत ऐन वेळी वाक्य आठवत नाही, कबड्डीत पहिल्याच चढाईत पकड होते. त्या वेळी संगीत चालूच असते. तुमच्यापुढे प्रश्न एकच असतो: चुकीपाशी थांबावयाचे, की पुढच्या पावलाकडे पाहावयाचे? आणि जेव्हा पडणारा दुसरा कोणी असेल, तेव्हा हसावयाचे, की टाळी वाजवून त्याला उठण्यास बळ द्यावयाचे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून तुमचे धैर्य कळेल आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून तुमचे मन.

शब्दार्थ

रंगण – खेळण्याची जागा. पदन्यास – तालात पावले टाकणे. निर्वासित – घरदार सोडून यावे लागलेला. आपद्ग्रस्त – संकटात सापडलेला. हृद्य – मनाला भिडणारे. विवेक – योग्य-अयोग्य ठरविण्याची शक्ती.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) सेंदाई येथील बंद पडलेले रंगण पुन्हा कसे सुरू झाले?
(आ) युझुरूने साठ कार्यक्रमांत भाग का घेतला?
(इ) नीस येथे युझुरू कोणत्या परिस्थितीत पडला?

२. सविस्तर उत्तरे लिहा :
(अ) प्रेक्षकांनी युझुरूची कीव केली नाही, असे लेखक कोणत्या आधारावर म्हणतात?
(आ) ‘प्रेमाला विवेकाची जोड हवी’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. वाक्यांत उपयोग करा :
पायाखालची जमीन सरकणे, काळजाचा ठोका चुकणे, तडीस नेणे, शक्ती एकवटणे.

४. पुढील म्हणीचा अर्थ सांगून ती पटवून देणारा एखादा प्रसंग लिहा :
टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही.

५. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सामन्यात हरलेल्या खेळाडूने तुमचे मन जिंकले असेल, तर त्याचे वर्णन दहा-बारा ओळींत करा.