कबुलीची घाई नको

वाई,
८ जुलै २०२५

चि. निखिल यास,


समन्स आणि आरोपपत्राचे तू पाठवलेले फोटो सावकाश वाचले. अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर डिसेंबरात झालेलं भांडण कोर्टापर्यंत पोचलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम १९४(२) लावलंय. सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता बिघडवली, असा आरोप आहे. जास्तीत जास्त शिक्षा एक महिना कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तुझा हक्क आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायला नको. तेव्हा झोप उडवून घेऊ नकोस. फक्त ‘गुन्हा कबूल कर, हजार रुपये भर आणि दुपारी अभ्यासाला बस’ हा तुझ्या रूममेटचा सल्ला ऐकू नकोस. त्याची म्हणे चॅप्टर केस झाली होती आणि तो एका दिवसात सुटला. अरे, चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणं. पुण्यात ती सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते आणि तिथे कुणी गुन्हेगार ठरत नाही. तुझा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आहे. तिथे दोषी ठरलास तर ती दोषसिद्धी असते.

तारखेला शिवाजीनगर कोर्टात काय होईल ते सांगते. वेळेआधी पोच. पुकारा झाला की पुढे हो. पहिल्या तारखेला बहुधा जातमुचलका लिहून घेतील, जामीनदारही मागू शकतात. आरोपपत्राच्या आणि जबाबांच्या नकला तुला फुकट मिळायच्या असतात, आणि त्याही हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. त्या मागून घे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची असली की तो समन्स खटला. त्यात वेगळा दोषारोप ठेवत नाहीत. साहेब आरोपाचा सारांश सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? ‘हो’ म्हटलंस, तर तुझं बोलणं शक्य तितकं तुझ्याच शब्दांत लिहून घेतलं जातं आणि तिथल्या तिथे तुला दोषी ठरवता येतं. सगळा मामला दोन मिनिटांचा. मागे पन्नास प्रकरणं खोळंबलेली, वकील ये-जा करतायत, अशा गर्दीत पोरं ‘हो साहेब’ म्हणून मोकळी होतात. पण कबुलीनंतर अपिलात फक्त शिक्षेची मात्रा आणि तिचा कायदेशीरपणा, एवढंच बोलता येतं. मी ते केलंच नव्हतं, हे सांगायची जागा उरत नाही.

तू म्हणतोस, त्याने कॉलर धरली आणि मी ढकललं, मग ‘नाकबूल’ म्हणणं खोटं नाही का होणार? नाही. नाकबूल म्हणजे सरकार पक्षाने आरोप सिद्ध करावा, इतकंच. शिवाय या कलमाला दोन्ही बाजूंनी लढणं लागतं आणि त्यातून सार्वजनिक शांतता भंगावी लागते. अंगावर आलेल्याला दूर ढकलणं हा कायद्याने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क असू शकतो. टपरीवाल्याच्या जबाबात पहिला हात कुणाचा, हे आलंय का? ते तुझ्या वकिलाने आधी पाहायला हवं. नाकबूल म्हटल्यावर साक्षीदार येतील, त्यांची उलटतपासणी होईल, मग तुझा जबाब आणि निकाल. तारखा पडतील, वेळ जाईल. एकही चुकवू नकोस. गैरहजर राहिलास की वॉरंट निघतं, आणि किरकोळ खटल्यात पोरं खरी अडकतात ती तिथेच.

समोरच्या मुलाशी समेट झालाय हे चांगलंच. पण त्याने खटला आपोआप मिटत नाही. साधी दुखापत असती तर ज्याला लागलं त्याने तडजोड केली की संपलं असतं. हे कलम तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. समेटाच्या जोरावर खटला रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

आता समज, कागदपत्रं पाहून वकिलाचंही मत पडलं की चूक तुझीच होती. मग कबूल कर, पण तयारीने. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली अशा गुन्ह्यात ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. पण हे मागावं लागतं. घाईत दंड भरून निघालेल्याला कुणी हाक मारून ते देत नाही.

तुला उपनिरीक्षक व्हायचंय, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर खटल्याबद्दल विचारलं जातं. जे असेल ते लिही. ‘अवतार सिंग’ खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरीच द्यायला हवी. क्षुल्लक प्रकरण लपवलं असेल तर नेमणूक करणारा ते माफ करू शकतो, आणि खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास तपासायचा त्याचा अधिकार राहतोच. म्हणजे खरं लिहून नोकरीची हमी मिळत नाही, पण लपवलंस तर एक महिन्याच्या शिक्षेचं प्रकरण आयुष्यभर पाठ सोडणार नाही.

वकील पुण्यातलाच घे, दर तारखेला मला वाईहून येणं जमणार नाही. फी झेपत नसेल आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असशील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. तिथे वकील विनामूल्य मिळतो.

आणि माझ्या दादाला तू अजून सांगितलं नाहीस, हे मला पटलेलं नाही. समन्स घरी गेलं असतं तर त्याला शेजाऱ्यांकडून कळलं असतं. मी सांगणार नाही, ते तुझं काम. येत्या रविवारी फोन कर. तो दोन तास ओरडेल, मग तारखेला तुझ्याआधी कोर्टात येऊन उभा राहील.

तुझी,
सुमाआत्या