विद्यापीठाचा परिसर : आधी विचारणा, मग आराखडा

चाकूर परिसरातील विद्यार्थ्याला पदवीनंतर विद्यापीठात शिकावयाचे झाल्यास लातूरचे उपकेंद्र किंवा नांदेडचा मुख्य परिसर गाठावा लागतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. लातूरला स्वतंत्र विद्यापीठ व्हावे, ही मागणीही वेळोवेळी होत आली आहे. ती उद्या मान्य झाली, तर नवा परिसर कोणाला विचारून आखावा, याचा विचार आजच व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला जुना आधार आहे. महावग्गात राजा बिंबिसाराने वेळुवन दान दिल्याची कथा येते. राजाने प्रथम जमीन निवडली नाही; तथागतांच्या निवासास कशी जागा योग्य ठरेल, याचा विचार त्याने आधी केला. ती गावापासून फार दूर नसावी व फार जवळही नसावी, येण्याजाण्यास सोयीची असावी, दिवसा गर्दी व रात्री गोंगाट नसावा, या कसोट्या ठरल्यावर मग वेळुवनाची निवड झाली. राहणाऱ्याची गरज आधी आणि भूखंड नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातीलच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. पुढे मिलिंद महाविद्यालय व नागसेनवन ही नावे घराघरांत पोहोचली. खेड्यातून आलेल्या गरीब मुलासाठी वसतिगृह हे मागाहून जोडावयाचे काम नसून शिक्षणाची पहिली अट आहे, हे त्या परिसराने दाखवून दिले.

तिसरा धडा कठोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मजबूत झाली. परंतु रुंद सरळ रस्ते आणि दूरदूरचे भूखंड यांमुळे अनेक ठिकाणी जुन्या गल्लीतला शेजार विस्कटला. याउलट घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात घरमालकांनी स्वतः देखरेख ठेवून काम करून घेतले. आराखडा चांगला असणे पुरेसे नाही. तो त्यात राहणाऱ्याच्या रोजच्या जगण्याशी जुळावा लागतो.

यांवरून आम्ही पुढील तत्त्वे मांडतो.

१. विचारणा आराखड्यापूर्वी व्हावी. नकाशा पूर्ण झाल्यावर घेतलेली सभा केवळ संमतीपुरती उरते.

२. जो सभेला येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जावे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, शिकणाऱ्या मुली आणि अपंग विद्यार्थी यांचे म्हणणे वस्तीवर, बसथांब्यावर व वसतिगृहात जाऊन ऐकावे.

३. सर्वांत लांबून येणाऱ्यापासून मोजणी सुरू व्हावी. शेवटची बस कधी सुटते, फाटकापासून वर्गापर्यंत अंधार आहे काय, हे प्रश्न इमारतीच्या दर्शनी भागापेक्षा महत्त्वाचे आहेत.

४. पाण्याचा हिशोब आधी मांडावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथे छतावरील पाण्याची साठवण, विहिरींचे पुनर्भरण व कमी पाण्यावर जगणारी झाडे पहिल्याच नकाशात हवीत.

५. भूकंपरोधक बांधणी सक्तीची असावी. मोकळी जागाही राखावी, म्हणजे पुढील पिढीला आपल्या गरजेप्रमाणे भर घालता येईल.

६. प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर मिळावे. स्वीकारली तर ती कोठे दिसेल, नाकारली तर कारण काय, हे गावाच्या फलकावर मराठीत लावावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करावा लागतो. त्यावर मत मांडण्याची सवय मात्र शाळेतच लागावयास हवी. म्हणून आमची विद्यार्थ्यांना सूचना आहे : आपल्या निवासी शाळेचा नकाशा काढा, पाणी, सावली, वाट व उजेड यांची नोंद करा आणि सर्वांत लहान वर्गातील मुलांना काय अडते, ते प्रथम विचारा. उद्याच्या विद्यापीठाच्या सभेत बोलावयाची तयारी येथूनच होईल.