नव्या ध्वनिमुद्रिकेचा शोध आणि तिचें परीक्षण

पुस्तकाचें परीक्षण कसें लिहावें हें आपणांस भाषेच्या तासाला शिकविलें जातें. परंतु गाण्याचें परीक्षण कसें लिहावें हें बहुधा कोणी सांगत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळ जण नवीं पाश्चात्त्य गाणीं रोज ऐकतात, आणि अर्ध्या मिनिटांत ‘छान’ किंवा ‘टाकाऊ’ असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल चार मित्रांत राहिला तर कोणाचेंच नुकसान नाहीं. तो लेखी झाला म्हणजे मात्र त्याच्याखालीं एखाद्या कलावंताची वर्षा-दोन वर्षांची मेहनत चिरडली जाऊं शकते. असें घडलेलें आहे, व त्याचें उदाहरण पुढें येईल. प्रस्तुत लेखापुरता मीं ‘इंडी रॉक’ हा एकच प्रकार घेतला आहे. कारण त्यांत नवें शोधणें व त्याचा कस लावणें या दोन्ही गोष्टी सामान्य रसिकांवरच फार अवलंबून राहिल्या आहेत.

‘इंडी’ हा शब्द ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा संक्षेप होय. मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या आश्रयावांचून जें रॉक संगीत निघालें, त्यास हें नांव मिळालें. इंग्लंडांत जानेवारी १९८० पासून अशा मुद्रिकांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊं लागली. तिच्यांत प्रवेश मिळण्यास गाणें कोणत्या धाटणीचें आहे हें कोणी विचारीत नसे. मुद्रिका मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानांत आली कीं नाहीं एवढेंच पाहिलें जाई. पुढें तो शब्द एका शैलीचा वाचक बनला, आणि आज मोठ्या कंपनीच्या पदरीं असलेलेहि स्वतःस इंडी म्हणवितात. व्याख्येच्या वादांत याहून अधिक शिरण्याचें कारण नाहीं.

या परंपरेच्या आरंभीं उभी असलेली एक लहानशी तबकडी अभ्यासास फार सोयीची आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ नांवाच्या चौघां तरुणांनीं आप्तमित्रांकडून सुमारें ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजीं चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि पुढच्याच महिन्यांत ‘स्पायरल स्क्रॅच’ या नांवानें तिच्या १००० प्रती स्वतःच काढल्या. कंपनीहि त्यांचीच, ‘न्यू हॉर्मोन्स’ हें तिचें नांव. वेष्टनावरील छायाचित्र शहरांतील रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशीं झटपट छायाचित्र देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यानें घेतलेलें. प्रत्येक गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें, त्यांत मागाहून कांहीं भर घातली कीं नाहीं, हेंहि वेष्टनावर छापलें होतें. हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जादूगारानें आपली पोतडी उलटी करून प्रेक्षकांस दाखवावी, तसा हा प्रकार झाला. प्रती अर्थातच हजारावर थांबल्या नाहींत.

या चारांपैकीं ‘बोअरडम’ या गाण्यांत गिटारीचा जो स्वतंत्र तुकडा येतो, तो अवघ्या दोन स्वरांचा आहे. तेच दोन स्वर पुनःपुन्हा, न थकतां. बोटांची चपळाई मोजणारा परीक्षक म्हणेल, कीं वादकास कांहीं येत नाहीं. परंतु गाण्याचा विषयच मुळीं कंटाळा हा आहे. तेथें तानांची आतषबाजी केली असती तर ती खोटी ठरली असती. परीक्षकानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: या माणसाला काय साधावयाचें होतें, आणि त्यानें वापरलेलें साधन त्या हेतूस शोभतें काय? अर्थात् साधेपणा म्हणजे गुण, असें उलट समीकरण मांडूं नये. पुढें अनेकांनीं अशीं गाणीं रचलीं, आणि त्यांतील कित्येकांत दोनच स्वर असण्याचें कारण तिसरा सुचला नाहीं, एवढेंच होतें!

आतां शोधाकडे वळूं. वेष्टन वाचणें हा शोधाचा सर्वांत जुना व खात्रीचा मार्ग आहे. वरील तबकडीवर ध्वनिमुद्रणाची देखरेख करणाऱ्याचें नांव ‘मार्टिन झीरो’ असें आहे. हा मार्टिन हॅनेट. त्याच्या नांवाचा माग काढणारा ऐकणारा १९७९ मधील ‘जॉय डिव्हिजन’ यांच्या ‘अननोन प्लेझर्स’ या संग्रहापर्यंत सहज पोंचतो, आणि तेथून ‘फॅक्टरी’ या संस्थेच्या इतर मुद्रिकांकडे. एका नांवांतून दुसरें, दुसऱ्यांतून तिसरें. आज तबकडीचें वेष्टन पुष्कळांच्या हातीं येत नाहीं. तथापि गाण्याबरोबर वादकांचीं व ध्वनिमुद्रकांचीं नांवें बहुधा दिलेलीं असतात. यंत्रानें आपणहून पुढें केलेलें गाणें ऐकण्यास हरकत नाहीं, पण तें बहुधा कालच्याच गाण्याचें भावंड असतें.

दुसरा मार्ग म्हणजे विश्वासू मार्गदर्शक. जॉन पील हा लंडनच्या बी.बी.सी.च्या ‘रेडिओ वन’ केंद्रावर १९६७ पासून २००४ मध्यें मृत्यु येईपर्यंत नभोवाणीवरून मुद्रिका ऐकवीत असे. (वरील पुतळ्यांतील पीलशीं याचा संबंध नाहीं, याचें खरें आडनांव रेव्हन्सक्रॉफ्ट.) अनोळखी मुलांनीं पाठविलेल्या मुद्रिकांस त्याच्यापाशीं थारा मिळे. १९७८ सालीं डेरी गांवच्या ‘अंडरटोन्स’ यांचें ‘टीनेज किक्स’ हें गाणें त्यानें एकदां वाजविलें, आणि तें संपतांच लागलीच पुनः वाजविलें. याहून नेमकें परीक्षण मला ठाऊक नाहीं.

त्याच्या श्रोत्यांचीहि परीक्षा पाहण्यासारखी असे. वर्षअखेरीस ते आवडत्या गाण्यांना मतें देत. १९९७ सालीं त्यांनीं पहिला क्रमांक दिला तो लेस्टरच्या ‘कॉर्नरशॉप’ या बँडच्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्यास. यांतील आशा म्हणजे सांगलीस जन्मलेल्या आशा भोसले! हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायन आणि मिनिटास ४५ फेरे घेणारी लहान तबकडी यांचें तें प्रेमानें केलेलें स्तवन आहे. त्या वर्षीं खपाच्या यादींत तें साठाव्या क्रमांकाच्या वर चढलें नव्हतें. फेब्रुवारी १९९८ मध्यें नॉर्मन कुक यानें वेग वाढवून नव्यानें घडविलेलें त्याचें रूप पहिल्या क्रमांकावर पोंचलें. बाजाराच्या आधीं रसिकांस तें कळलें होतें.

ऐकण्याविषयीं एकच सूचना: एकदां ऐकून लिहूं नये. अमेरिकेंतील अथेन्स गांवच्या ‘आर. ई. एम.’ यांचा ‘मर्मर’ हा १९८३ मधील संग्रह घ्या. गायक मायकेल स्टाइप याचे शब्द पुष्कळ ठिकाणीं उमगतच नाहींत. आपणांस वाटतें, आपलें इंग्रजी कच्चें; पण ज्यांची ती मातृभाषा त्यांचीहि तीच गत झाली. तिसऱ्या-चौथ्या वेळीं ध्यानांत येतें, कीं आवाज हा येथें आणखी एका वाद्यासारखा योजिला आहे. संस्कृतांत मर्मर म्हणजे पानांची सळसळ. तें नांव या संग्रहास आपल्याहि भाषेंत शोभतें. ‘रोलिंग स्टोन’ या पत्राच्या समालोचकांनीं त्या वर्षींचा सर्वोत्तम संग्रह म्हणून त्याचीच निवड केली.

आतां गुणांची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ पत्रांत रॉबर्ट क्रिस्टगॉ यांनीं १९६९ पासून मुद्रिकांस शाळेंतल्याप्रमाणें अक्षरी श्रेणी देण्याचा परिपाठ पाडला. ‘पिचफोर्क’ या नियतकालिकानें तर शून्यापासून दहापर्यंत दशांश अपूर्णांकांत गुण दिले. जणूं गाणें तराजूंत घालून तोळामासा पाहावा! लिझ फेअर या गायिकेचा १९९३ चा ‘एक्झाइल इन गायव्हिल’ हा संग्रह इंडी संगीतांतील मानदंड समजला जातो. २००३ मध्यें तिनें मोठ्या कंपनीकडून, लोकप्रिय धाटणीचा, स्वतःच्याच नांवाचा संग्रह काढला. ‘पिचफोर्क’नें त्यास शून्य पूर्णांक शून्य गुण दिले. पेपर कोरा ठेवणाऱ्याचे ते गुण. आणि हिनें तर सबंध संग्रह गाऊन दिला होता. २०१९ मध्यें त्या परीक्षकानें तिची जाहीर क्षमा मागितली, आणि २०२१ मध्यें त्याच नियतकालिकानें आपल्या कित्येक जुन्या गुणांची फेरतपासणी केली, तेव्हां या शून्याचे सहा झाले. मधलीं अठरा वर्षें मात्र तें शून्य तिच्या नांवापुढें छापलेलें होतें. संग्रह थोर होता असें माझें म्हणणें नाहीं. मलाहि तो मध्यमच वाटतो. परंतु त्या परीक्षणांत नव्या गाण्यांत काय आहे यापेक्षां तिनें जुनें कां सोडलें याचाच राग अधिक होता.

आपल्या विभागासाठीं ज्यांना असें परीक्षण लिहावयाचें असेल, त्यांनीं अंक देऊं नयेत. संग्रह निदान तीन वेळां, निरनिराळ्या दिवशीं ऐकावा. जें आवडलें किंवा खटकलें, तें कितव्या मिनिटास आहे हें लिहावें, म्हणजे वाचणाऱ्यास तें स्वतः ऐकून आपलें म्हणणें पडताळतां येईल. आणि वादकांचीं नांवें शुद्ध लिहावींत.