शाळांची तुलना आणि पाड्याची वाट

‘कोणती शाळा चांगली?’ हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी जून महिन्यात घरोघरी निघतो. तलासरी तालुक्यातील वेवजी हे माझे गाव. गावाची शीव ओलांडली की गुजरातचा उंबरगाव तालुका लागतो. १९६० साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला. माणसे कामाला पलीकडे जातात, संध्याकाळी परत येतात. मुलांचे तसे नाही. पलीकडे शाळेची भाषा गुजराती, अलीकडे मराठी, आणि माझ्यासारख्या अनेकांच्या घरी वारली. अशा ठिकाणी शाळांची तुलना करावयाची, तर ती कोणत्या मापाने करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

सामान्यतः आपण इमारत, शिक्षकांची संख्या आणि परीक्षेचा निकाल पाहतो. ही मापे खोटी नाहीत; पण ती शाळेत आलेल्या मुलांपुरती आहेत. जे मूल शाळेपर्यंत पोहोचलेच नाही, त्याची नोंद निकालाच्या तक्त्यात कोठेच होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत सुमारे नऊ आदिवासी आहेत. वस्ती एका जागी नसून पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. म्हणून येथे ‘किती मुले पास झाली?’ याआधी ‘किती मुले आली आणि टिकली?’ असे विचारावयास हवे.

आमच्या भागात सरकारी खर्चाच्या शाळा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. या शाळेचा मोठा गुण म्हणजे ती जवळ असते. मूल दुपारी तेथेच जेवते आणि संध्याकाळी आईजवळ येते. उणीव अशी की, दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला गेले की मूलही त्यांच्याबरोबर जाते. हजेरीपटावर नाव राहते, बाकावरची जागा मात्र रिकामी होते.

दुसरी आश्रमशाळा. १९७२-७३ पासून राज्य शासनाने ही योजना हाती घेतली. राहणे, जेवण व शिक्षण एकाच ठिकाणी असल्यामुळे आईबाप स्थलांतरित झाले तरी मुलाचे वर्ष बुडत नाही. माझा धाकटा चुलतभाऊ अशाच एका शाळेत शिकून दहावी झाला. घरी राहता तर झाला नसता, हे आमचे सारे घर मान्य करते. पण सहा वर्षांचा असताना त्याला तेथे सोडून येताना काकी वाटभर रडली होती, हेही मला आठवते. एका शाळेत मुलाचे वर्ष बुडण्याची भीती, दुसरीत त्याचे घर तुटण्याची. या दोहोंना एकाच तक्त्यात गुण देऊन पहिला-दुसरा क्रमांक लावणे मला योग्य वाटत नाही.

या पेचावर आमच्याच परिसरात फार पूर्वी विचार झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. त्याच वर्षी तलासरीजवळ झरी येथे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची परिषद भरली होती. पुढे १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत का येत नाही, हे या दोघींनी मुलाच्या घरी जाऊन पाहिले. कोणी गुरे राखतो, कोणी धाकटे भावंड सांभाळतो. मग गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर व बालवाडी प्राथमिक शाळेला जोडली गेली, आणि तिला विकासवाडी म्हटले गेले. झोपडीपुढच्या अंगणात मुले गोळा करून शिकवणे, ही अंगणवाडी. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. थोडक्यात, शाळेने मुलाकडे जावे, हा कोसबादचा धडा होय.

भाषेचीही गोष्ट अशीच. पहिलीत मी कित्येक दिवस गप्प बसे. पुस्तकातील शब्द घरात नव्हते आणि घरातले शब्द पुस्तकात नव्हते. यात कोणाचा दोष नव्हता. एके दिवशी गुरुजींनी आम्हांला बांधावर नेले व झाडांची नावे विचारली. मोह, पळस, ऐन, खैर, साग! मी न थांबता सांगत गेलो. त्या दिवसापासून शाळा मला आपली वाटू लागली.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा २०१० साली लागू झाला. त्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. पुढे २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा प्रस्ताव राज्यात चर्चेत आला. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, खोल्या अधिक, सोबती अधिक. हे लाभ खरेच आहेत. परंतु जुलै महिन्यात ओहोळ भरला म्हणजे नकाशावरचा एक किलोमीटर सात वर्षांच्या मुलीला ओलांडता येत नाही. पंधरा मुलांची शाळा तक्त्यात महाग दिसेल. पाड्यावरून पाहिली तर तीच एकमेव शाळा असते.

म्हणून तुलना करणाऱ्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात, असे मला वाटते. भर पावसात शाळेची वाट चालू राहते काय? पहिलीतील मुलाला आपल्या बोलीत उत्तर देता येते काय? दिवाळीपूर्वी बसणारी मुले होळीलाही वर्गात दिसतात काय? यांची उत्तरे मिळाल्यावर निकालाचा तक्ता जरूर उघडावा.

आपल्या महाविद्यालयात या पाड्यांवरून आलेले अनेक विद्यार्थी आहेत. त्यांनी आपल्याबरोबर पहिलीत बसलेल्यांची नावे एकदा आठवून पाहावीत. त्यांतील किती जण येथवर आले, हे मोजले म्हणजे शाळांची खरी तुलना सुरू होईल.