चाईवर काय लावावं

चि. ओंकार,


तुझा फोटो पाहिला. चाईच दिसते. चट्टा गुळगुळीत आहे, खवले नाहीत, आणि कडेचे तुटके केस वर जाड, मुळाशी बारीक आहेत. किड्याबिड्याने केस खाल्लेले नाहीत. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. मुळं मात्र मरत नाहीत, त्यामुळे केस परत येऊ शकतात.

आजीने लसूण चोळायला सांगितलंच असेल. गोम अशी, की एखादा छोटा चट्टा पुष्कळदा वर्षभरात आपसूक भरतो आणि श्रेय मिळतं त्या वेळी जे चोळलं असेल त्याला. आम्हा डॉक्टरांच्या मलमांनाही असं फुकटचं श्रेय मिळतं. म्हणून कोणाला कशाने गुण आला, हे विचारत हिंडू नकोस.

लावायच्या औषधांत पहिला मान क्लोबेटासॉलचा. कडक स्टेरॉइड आहे, तेव्हा फक्त चट्ट्यावर, पातळ, सांगितले तेवढेच दिवस; अति झालं तर कातडी पातळ होते. औषधाच्या दुकानात गजकर्णासाठी सर्रास देतात ती मिश्र ट्यूब मुळीच घेऊ नकोस. मिनॉक्सिडिल केसांना जोर देतं, पण मूळ आजार थांबवत नाही. जोडीला ठीक, एकट्यावर भिस्त नको. डिथ्रॅनॉलने जळजळ होते, उशीचे अभ्रे तपकिरी होतात. हॉस्टेलवर ती कटकट कशाला?

डायफेनसायप्रोनचं तू विचारलंस. ते डोकंभर पसरलेल्या चाईसाठी. आधी त्याची मुद्दाम ॲलर्जी आणतात, मग अगदी विरळ द्रावण दर आठवड्याला दवाखान्यातच लावतात. खाज सुटते, मानेच्या गाठी सुजतात, दोन दिवस डोकं उन्हापासून झाकावं लागतं. पण त्यातली एक रीत मला फार आवडते: सुरुवातीला अर्ध्याच डोक्यावर लावतात. त्याच बाजूला केस उगवले आणि दुसरी तशीच राहिली, तर गुण औषधाचा. तुलना अशी हवी.

तुझा चट्टा रुपयाएवढा, एकच. त्याला माझ्या मते सगळ्या मलमांपेक्षा ट्रायामसिनोलोनची सुई बरी; चट्ट्यातच, चार ते सहा आठवड्यांनी. सुईची भीती वाटत असेल तर क्लोबेटासॉल लाव, आणि तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर डॉक्टरांना उपाय बदलायला सांग. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवच. नवे केस आधी पांढरे येतील. रंग मागाहून धरतो, उपटू नकोस.

तुझी,
आत्या