नांवें नसलेला नकाशा

इतिहास-भूगोल म्हणजे पाठांतराचा विषय, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत, आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्या पालकांतही, दृढ आहे. मुलगा संध्याकाळीं मोठ्यानें घोकूं लागला म्हणजे घरीं समाधान वाटतें. परंतु घोकलेलें परीक्षेबरोबरच जातें, हें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनीं १९६० सालच्या आपल्या पुस्तकांत सहाव्या इयत्तेच्या एका वर्गाची हकीकत दिली आहे. मुलांपुढें एका प्रदेशाचा नकाशा ठेविला. त्यांत नद्या, सरोवरें, खनिजें होतीं; गांवांचीं नांवें मात्र नव्हतीं. मोठीं शहरें कोठें असावींत, हें पुस्तक न उघडतां मुलांनींच ठरवावयाचें होतें. कोणी जलमार्ग धरला, कोणी खाणी, कोणी सुपीक जमीन. आणि वादाला रंग चढला.

तोच प्रयोग आम्हीं यंदा नवव्या इयत्तेंत सह्याद्रीवर केला. फळ्यावर कोंकणपट्टी, कल्याणची खाडी, डोंगराची रांग आणि पलीकडील कुकडी नदी एवढेंच काढलें. प्राचीन काळीं बंदरांत उतरलेला माल देशावर कसा जाई, आणि पेठ कोठें वसली असेल? बहुतेकांनीं दूर खालच्या नदीसंगमावर बोट ठेविलें. तेव्हां मागल्या बांकावरील एक विद्यार्थी उठला. दोन वर्षांत हा आपण होऊन बोललेला आम्हांस स्मरत नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, घाट चढल्यावर बैल दमतात. मुक्काम वरच, जवळपास पडणार." त्याच्या घरीं बैल आहेत.

मग आम्हीं चित्रें काढलीं: नाणेघाट, तेथील लेण्यांतला सातवाहनकालीन ब्राह्मी लेख, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण, आणि घाटापलीकडील जुन्नर. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला.

या रीतीनें एका तासाचा धडा तीन तास चालला. "अभ्यासक्रम पुरा कधीं होणार?" असें एका पालकांनीं विचारलें; प्रश्न रास्त आहे. सन आणि राजवंश तर्कानें सांपडत नाहींत, ते सांगावेच लागतात. प्रत्येक धडा असा घेतां येणार नाहीं. शिवाय उत्तर ठाऊक असतां गप्प बसणें शिक्षकास फार जड जातें; आम्ही दोनदां चुकलों.

तो मुलगा आतां ग्रंथालयांत सातवाहनांविषयीं पुस्तकें मागतो. नाताळच्या सुटींत नाणेघाट चढावयाचा त्याचा हट्ट आहे. घरच्यांची परवानगी मिळाली तर आम्हीही बरोबर जाणार आहों.